भोंगा आणखी मोठा हवा

३ मार्च, सकाळी ९
चौदा तारखेला इन्स्पेक्टर येणार, आगीची ड्रिल घेणार. दोन मिनिटांत अख्खा कारखाना बाहेर आला नाही, तर माझी सेफ्टी ऑफिसरची खुर्ची गेली. आजच्या चाचणीत निम्मी माणसं मशिनीवरच. कारण उघड आहे: भोंगा लहान. मोठा मागवला.

३ मार्च, दुपारी
लेथ मशिनीवरचा टर्नर आला. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. पत्र्यावर खडूने लिहिलं, 'भोंग्यासोबत लाल दिवे लावा.' मी खाली लिहिलं, 'एका माणसासाठी अख्ख्या कारखान्याची वायरिंग बदलता येत नाही.' अक्षर छान आलं.

६ मार्च
नवा भोंगा बसला. फारच नाजूक. वाजायला लागला हे क्लार्कने हात करून सांगितलं. म्हणे कपातला चहा हलतो! त्याला वाढवून सांगायची सवयच. घरी बायकोही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, वर टीव्ही बारीक करते. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणते. जा म्हटलं, मला वेळ नाही.

९ मार्च
तिसरा भोंगा. चाचणी फसली. भोंग्याचा त्रास होतो म्हणून प्रेस मशिनीवाल्यांनी कानात बोळे घातले होते! एकही हलला नाही. संकल्प: शांत राहणे. चौथा मागवणे.

१२ मार्च
टर्नरने थेट मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत चौदा लाल दिवे टांगले. मला विचारायची पद्धत नाही! चाचणी: एक मिनिट दहा सेकंद, सगळे बाहेर. प्रेसवाला म्हणाला, मशिनीच्या धडधडाटात, त्यात कानात बोळे, भोंगा ऐकूच येत नाही, दिवा मात्र डोळ्यात घुसतो. काहीतरीच. चौथा भोंगा कालच बसलाय, यश त्याचं.

१४ मार्च, संध्याकाळ
इन्स्पेक्टर दारात आणि ग्राइंडरजवळच्या तेलकट चिंध्या खरोखरच पेटल्या. मी केबिनचं दार लावून स्वागताचं भाषण लिहीत होतो. टर्नर न विचारता आत घुसला. झापायला तोंड उघडलं, तर तोंडात धूर. त्याने कॉलर धरून बाहेर ओढलं. दिवे बघून बाकीचे सगळे कधीच बाहेर आले होते. गेटवरच्या हजेरीत एकच माणूस कमी होता. चारही भोंगे सहा मिनिटं कोकलत होते म्हणे. इन्स्पेक्टरने काहीतरी विचारलं. मी दोनदा म्हटलं, काय म्हणालात? मग त्यांनी विचारायचं सोडलं आणि लिहून घेतलं.

१५ मार्च
खुर्चीचं काय ते मालक सोमवारी सांगणार. केबिनमध्ये टेबलासमोर पंधरावा दिवा बसलाय. खाली तोच पत्रा, माझ्या वाक्याखाली टर्नरचा खडू: 'हा एका माणसासाठी.'
लाज वाटली. बायकोला फोन करून म्हटलं, डॉक्टरांची वेळ घे, माझ्यासाठी. ती बराच वेळ बोलत होती. काय म्हणाली, ते कळलं नाही.