शोकाकुल मित्रपरिवार

कोल्हार,
ता. २१ जुलै

प्रिय कान्यास,

अमृतचा नमस्कार. मामा-मामी बरे असतील. पारनेरला अजून म्हणावा तसा पाऊस नाही असं ऐकलं. इकडे प्रवरेला पाणी आहे आणि तुझ्या शटरला गंज. तुझं फ्लेक्सचं दुकान आणि माझं मोबाईल दुरुस्तीचं, मध्ये एकच भिंत, त्यामुळे मला रोज बघावं लागतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. "ये, माझ्या आईला तोंड दाखव, ती जेवत नाही," असा निरोप मामांकडे दोनदा धाडला होता. तू आला नाहीस. असो.

आधी हंगामाचं बोलू. आपल्या दोघांत दुसरा विषय होता तरी कुठे? साता समुद्रापलीकडचे दोन फुटबॉल क्लब, एकाची जर्सी लाल, एकाची निळी, आणि कोल्हारच्या स्टँडवर आपण एकमेकांच्या उरावर. तुझ्या निळ्यांनी नवा गोलकीपर घेतलाय म्हणे. घेऊ देत. भोकाच्या बादलीला नवीन कडी लावून काय होतंय!

आमच्या लालांनी लीग तीन सामने शिल्लक ठेवून मारली. मी पेढे तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून वाटले आणि माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स तुझ्याकडूनच छापून घेतला. दातओठ खात छापलास. मग देशातला कप. त्यात सेमीफायनलला तुम्हालाच चार गोल. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या शटरला काळी फीत बांधली आणि तुझ्या आईला विचारलं, "बनुमावशी, सुतक कधी फिटतंय?" ती बिचारी हसली. तू हसला नाहीस. तेव्हाच तू मनात धरलंस, हे मला आता कळतं.

राहिला युरोप. जर्मनांना त्यांच्या घरात जाऊन हरवलं, स्पेनवाल्यांना पेनल्टीवर. मी तर तिसऱ्या कपाच्या फ्लेक्सला फोटोही निवडून ठेवला होता. आणि फायनलला आमच्याच डिफेंडरने आमच्याच जाळीत बॉल मारला.

सकाळी तुझा फ्लेक्स स्टँडसमोर लागलेला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. अमृत.' खाली बारीक अक्षरात, 'युरोपच्या फायनलमध्ये दुःखद निधन'. शोकाकुल: कानिफनाथ आणि मित्रपरिवार. फोटोला झेंडूचा हार. खोटं कशाला बोलू, झकास होता. मी स्वतः त्याच्याखाली उभा राहून फोटो काढला. "काढू का आता?" तू विचारलंस. "राहू दे की दिवसभर," मी म्हणालो.

फोटो तू आमच्या दीपाच्या लग्नातला घेतलास. शेजारी उभ्या आईला कापून टाकलंस, पण माझ्या खांद्यावरचा तिचा हात तेवढा राहून गेला.

आई दीपाकडे पुणतांब्याला गेलेली होती. दुपारच्या एसटीने उतरली. तिला वाचता येत नाही, पण स्वतःच्या हातातल्या बांगड्या कोणाला ओळखू येत नाहीत? शेजारी परगावचा एक म्हातारा एसटीची वाट बघत होता. त्याला तिने विचारलं. त्याने मोठी अक्षरं वाचली, बारीक त्यालाही दिसली नाहीत. "श्रद्धांजली लिवलंय बाई. कुनाचा व्हता वो?"

"माजा," म्हणाली आणि तिथेच कोसळली. तुला एवढंच माहीत आहे, कारण त्याच संध्याकाळी तू पारनेर गाठलंस.

पुढचं मी सांगतो. मेंदूत रक्तस्राव झाला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, मी तेवढा गेलो. डोळ्यांसमोर उभा राहिलो तरी ती मला दवाखान्यातला माणूस समजते. अंघोळ घालतो, केस विंचरतो, तर म्हणते, "दादा, तुमाला आई हाय का?" मी म्हणतो, आहे. "मग घरी जावा की. वाट बघत आसंल ती."

ताट समोर ठेवलं की सारून द्यायची. "माजं लेकरू उपाशी गेलं, मला घास कसा उतरंल?" मरणाच्या आदल्या संध्याकाळी मी जेवलो होतो का, हे तिला कळायला हवं होतं. आणि ते फक्त तू सांगू शकत होतास, कारण फ्लेक्सवर शोक करणाऱ्यांत तुझं नाव होतं आणि ते तिला त्या म्हाताऱ्याने वाचून दाखवलेलं. "कानिफला बलवा. त्यानंच समदं केलं आसंल माज्या पोराचं." उठता-बसता कानिफ. मला सलाईनची सुई टोचताना बघवत नव्हतं. हाडं वर आली होती रे.

गेल्या गुरुवारी तिने पुन्हा तुझं नाव काढलं, तेव्हा मी म्हणालो, "मावशी, कानिफ पण वारला." (आता मी तिला मावशीच म्हणतो.)

मला वाटलं, हंबरडा फोडेल. ती म्हणाली, "बरं झालं. माजा येकटा लई भ्यायचा. आता सोबत झाली त्याला." आणि ताट पुढे ओढलं. भाकरी खाल्ली, वर दूध मागितलं.

तेव्हापासून ती दोन्ही वेळ जेवते.

काल तुझी आई भेटायला आली होती. मला आधी बजावायला सुचलं नाही. माझ्या आईने तिला पोटाशी धरलं, "बनू, तुजा बी गेला गं," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. बनुमावशीने माझ्याकडे बघितलं. मग ताटातल्या उष्ट्या भाकरीकडे बघितलं. म्हणाली, "व्हय बाई. गेला." आणि दोघी रडल्या. तुझी जास्त रडली.

तेव्हा कान्या, आता येऊ नकोस. तू दारात दिसलास तर ती पुन्हा ताट सारेल. दुकानातलं सामान टेम्पोने पाठवतो, मशीन नीट बांधून देईन. हे मी रागाने लिहीत नाही. राग होता तेव्हा तुला ये म्हणत होतो. उंबऱ्यावर चपला घालताना तुझी आईच मला म्हणाली, "त्याला लिव, तुजी आई हाय तवर गावात पाय ठिवू नको म्हनावं."

आईच्या लेखी तुझ्या सोबतीला असलेला,
अमृत