शेवटच्या रांगेपर्यंत आवाज

४ मार्च, सोमवार
नवा स्पीकर आला. वाटोळा, तांब्याएवढा. ह्यांनी खोक्यातून काढला आणि टेबलावर तसाच उघडा ठेवून दिला. दुपारीच कव्हर शिवलं. जुन्या रजईचं कापड, आत कापसाचा थर, वर नाडी, बटणापुरतं काज. धुळीची आत शिरायची टाप नाही. हे म्हणाले, "त्याला थंडी वाजते का?" मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिमोट, सगळे कव्हरात आहेत म्हणून टिकलेत. ह्यांना कव्हर नाही, ह्यांची अवस्था समोर आहे.

५ मार्च
गच्चीवरचा महिला व्यायाम वर्ग उद्यापासून रेकॉर्डिंगवर. आज खुर्चीत बसून सगळ्या सूचना आणि आकडे फोनवर रेकॉर्ड केले. आता मोजण्यात लक्ष जाणार नाही, कोण हात अर्धाच वर करते ते बघता येईल. दुसऱ्या मजल्यावरची बँकवाली (रिटायर होऊन वर्ष झालं, तोरा तसाच) सगळ्यांना सांगत फिरते की मला व्यायाम करताना मोजायचं म्हटलं की धाप लागते. धाप नव्हे. मी आकड्यांच्या मध्ये मुद्दाम थांबते. शिस्तीसाठी.

६ मार्च
रेकॉर्डिंगचा आवाज पोचला नाही. मागच्या रांगेतून बँकवाली म्हणाली, "बाई, तळघरातून बोलताय का?" सगळ्या हसल्या. वर म्हणाली, "मी मोजते की. माझ्याकडे शिट्टीसुद्धा आहे."
आयुष्यभर शाळा चालवली. प्रार्थनेला कधी माईक लागला नाही. पटांगणाच्या टोकाचा मुलगा माझ्या खाकरण्याने सरळ उभा राहायचा. आणि आता शिट्टी.
चेअरमन खाली भेटले. रविवारी, सतराला, सोसायटीच्या वार्षिक सभेआधी वर्गाचं प्रात्यक्षिक ठेवलंय. वर्ग पुढे कोणी चालवायचा तेही तिथेच हात वर करून ठरवू म्हणाले. म्हणजे बँकवाली त्यांच्याकडे आधीच जाऊन आली होती.

७ मार्च
मुलीला फोन केला. ती म्हणाली, फाइलचा आवाज वाढवता येतो, त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. "पण आई, आधी स्पीकर नीट आहे का बघ." मी म्हटलं, स्पीकर नवाकोरा आहे, मी स्वतः बंदोबस्त केलाय.
फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही. तरी उतरवून घेतलं. चुकून आणखी दोन प्रोग्रॅम आले. एक सारखं हवामान सांगतो. दुसरा दर मिनिटाला म्हणतो की तुमचा कॉम्प्युटर घाण झालाय, साफ करा. त्याची वृत्ती चांगली वाटली, ठेवून दिला.

८ मार्च
प्रोग्रॅम चालू झाला. आवाजाचं चित्र दिसतं. माझा आवाज अशक्त सुरवंटासारखा दिसत होता. वाढवला. सुरवंट बाळसेदार झाला. लॅपटॉपवर लावून बघितला तर स्वयंपाकघरात ह्यांच्या हातून कप पडला. मग स्पीकरवर लावला. पुटपुट. यावरून निष्कर्ष: लॅपटॉप फुगवून सांगतो, स्पीकर प्रामाणिक आहे.

९ मार्च
वर्गात नवी फाइल लावली. बँकवाली म्हणाली, "आज बाई तळघरातून तळमजल्यावर आल्या." म्हणजे प्रगती आहे. या गतीने सतरा तारखेपर्यंत गच्चीवर पोचेन.

११ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली, मूळ फाइल बाजूला ठेव, प्रत्येक वेळी तीच वाढवून तिच्यावरच सेव्ह करू नकोस. या फाइली दाबून लहान केलेल्या असतात, दर सेव्हला थोडा आवाज झडतो. मी म्हटलं, चुकलेलं उत्तर खोडून त्याच जागी बरोबर लिहायचं असतं. ती म्हणाली, "आई, तू कागद फाटेपर्यंत खोडरबर घासते आहेस."
उदाहरण चपखल होतं. माझ्याच हाताखाली शिकली आहे. मान्य मात्र केलं नाही. मूळ फाइल तोवर उरलीच नव्हती.

१३ मार्च
आज वाढवताना प्रोग्रॅमने आडकाठी केली. याच्यापुढे आवाज फाटेल, तरी चालेल का, असं विचारून एक चौकोन पुढे केला. परवानगी मागण्याची ही पद्धत मला आवडली. चौकोनात खूण केली. मग चित्रात जागोजागी लाल रेघा आल्या. मी जन्मभर वह्या तपासल्या आहेत. लाल रेघ म्हणजे कोणीतरी बारकाईने बघितलंय.

१४ मार्च
फाइल मुलीला पाठवली. तिने ऑफिसच्या मीटिंगमध्येच चुकून लावली. तिचा लगेच मेसेज: "आई, हे काय आहे? सगळे उठून उभे राहिले."
तिच्या ऑफिसात परकी माणसं माझ्या आवाजाला उठून उभी राहतात. इथे वर्गात येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या आजीसुद्धा मान वर करत नाहीत. ऐकणाऱ्यांत फरक असतो.

१५ मार्च
वर्गात पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, "डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतंय हो." बँकवाली गळ्यात शिट्टी अडकवून आली होती, ती नुसती कुरवाळत उभी राहिली.
घरी हे म्हणाले, "एकदा ती रजई काढून तर..." मी म्हटलं, माझ्या शिवणावर बोलायचं काम नाही. हे पेपर घेऊन बाल्कनीत गेले.
शांतपणे विचार केला. गच्चीवर वारा आहे. वाराच आवाज पळवतो. कव्हरात कापसाचा आणखी एक थर भरला. आता वारा काय करतो बघते.

१६ मार्च
प्रोग्रॅममध्ये आवाज जाईल तिथपर्यंत वाढवला. पडद्यावर आता सुरवंट नाही, लहर नाही. सरळ वीट दिसते. भरीव. ह्यांना लॅपटॉपवर ऐकवलं आणि विचारलं, आकडे कळतात ना? हे कानातून बोट काढून म्हणाले, "आकडे होते का ते?" ह्यांचं गणित पहिल्यापासून कच्चं.

१७ मार्च, रविवार, सकाळी
तयारी पूर्ण. स्पीकर रात्रभर चार्ज केला, कव्हराला इस्त्री केली. स्पीकरचा आवाजही शेवटच्या खुणेवर ठेवलाय. आज शेवटच्या रांगेच्याही पलीकडे पोचणार. वर्ग माझ्याकडेच राहणार यात शंका नाही. जिंकल्यावर बँकवालीला दुसऱ्या रांगेत जागा द्यायची. मन मोठं ठेवायचं.

१७ मार्च, संध्याकाळी
जे घडलं ते शांतपणे लिहिते.
सगळी सोसायटी खाली जमली होती. आम्ही रांगांत उभ्या. मी चेअरमनना नमस्कार करत असताना बँकवालीने स्पीकर हातात घेतला. चार्जिंगचा दिवा दिसत नाही म्हणाली आणि मला न विचारता नाडी सोडून कव्हर काढलं. मग बटण दाबलं.
त्यातून जे निघालं ते "हात वर" होतं. हे फक्त मला माहीत. पार्किंगमधल्या गाड्या एकदम ओरडायला लागल्या. समोरच्या झाडावर पक्षी उरला नाही. वॉचमन गेट उघडं टाकून रस्त्यावर पळाला. आमच्या सगळ्या जणींनी दोन्ही हात कानांवर घेतले आणि खाली बसल्या, अगदी एका वेळी. वर्गात इतकी एकजूट आजवर दिसली नव्हती. प्रेक्षकांना हाच पहिला प्रकार वाटला. चेअरमननीही केला. टाळ्या पडल्या.
तेवढ्यात स्पीकरमधून धूर आला आणि तो कायमचा गप्प झाला. कव्हर काढलं की असं होतं. हेच मी ह्यांना पहिल्या दिवसापासून सांगते आहे.
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आजी म्हणाल्या, "बाई, तोंडाने मोजा ना. तुमचा आवाज कुठे कमी आहे?"
मोजलं. हात वर करून, वाकून, उभं राहून. एक, दोन, तीन. गेटपर्यंत गेला आवाज. वॉचमन परत आला. सहापर्यंत पोचले आणि मुद्दाम थांबले. जरा जास्त वेळ थांबले. सगळ्या हात वर धरून ताटकळल्या.
मागून बँकवाली हळूच म्हणाली, "सात." शिट्टी वाजवली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग आठ, मग नऊ. पुढचं सगळं तिनेच मोजलं. मी तोवर कंबरेवर हात ठेवून निरीक्षण केलं.
मग सभेत मतासाठी हात वर झाले. वर्ग तिच्याकडे गेला. ह्यांचाही हात वर होता. विचारलं तर म्हणाले, खांदा आखडला होता.
मला मार्गदर्शक नेमलं. मार्गदर्शकाने सावलीत बसायचं. बँकवालीने स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाली, "बसा बाई, दम घ्या."
खुर्ची प्लास्टिकची आहे, पण भक्कम. उघड्यावर पडून खराब होईल. उद्या माप घेते.