आठशे रुपयांचा फायदा

शनिवार, १५ नोव्हेंबर
नववी ब चा अर्थनियोजनाचा तास विलक्षण रंगला. विषय: भिशी की आवर्ती ठेव. "कोणाच्या घरी भिशी आहे?" निम्म्याहून अधिक हात वर. महाळुंग्यातल्या चाळींत दुसरे काय अपेक्षित?
फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे भिशी: बारा जणी, दरमहा दोन हजार, दहा तारखेला चिठ्ठी, नाव निघेल तिला चोवीस हजार. व्याज नाही, पावती नाही. उजवीकडे बँक: तेवढेच हप्ते, वर्षाअखेर सुमारे आठशे रुपये जास्त. आठशेभोवती खडूने वर्तुळ काढले. "हे आठशे रुपये तुमची आई दरवर्षी किराणा दुकानात विसरून येते." मोठा हशा. पहिल्या बाकावरची अश्विनी हसली नाही, ती उतरवून घेत होती. अशी विद्यार्थिनी दहा वर्षांत एखादीच.

शनिवार, २२ नोव्हेंबर
अश्विनी उभी राहून: "सर, आईने भिशी सोडली. बँकेत खातं काढलं." सहा हप्ते भरले होते, नाव अजून निघायचे होते. भरलेले बारा हजार भिशी संपल्यावर, म्हणजे मे महिन्यात परत मिळतील. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. शिकवलेले एखाद्या घरात प्रत्यक्ष उतरले, याहून मोठे समाधान शिक्षकाला कोणते? मुख्याध्यापकांनाही सांगितले. दोनदा.

मंगळवार, १६ डिसेंबर
अश्विनी आठ दिवस गैरहजर. शेजारी बसणाऱ्या आयेशाला विचारले. "सर, तिच्या पप्पांची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये सापडली. कंपनीत ठेकेदाराकडून होते, तो फोनच उचलत नाही."
मग: "भिशीत असती तर या महिन्याचे पैसे तिच्या आईलाच मिळाले असते. कुणाची नड असली की अम्मी चिठ्ठी काढतच नाही."
आयेशाची अम्मी म्हणजे शबानाभाभी. किराणा दुकान त्यांचे, भिशीही त्याच चालवतात. फळ्याच्या डाव्या भागात हे कुठेच नव्हते. मी विचारलेच नव्हते. एकतर्फी माहितीवर निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः पहिल्या तासाला...

गुरुवार, १८ डिसेंबर
शाळा सुटल्यावर अश्विनीच्या घरी. पत्र्याची खोली, वडील भिंतीला टेकून, हात गळ्यात बांधलेला. दुसरे ऑपरेशन जानेवारीच्या मध्यापर्यंत व्हायला हवे, नाहीतर बोटे वाकणार नाहीत. दवाखान्यात वीस हजार आधी भरा म्हणतात. बँकेत दोन हप्ते, चार हजार.
अश्विनीची आई सविताताई कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. मला पाहून पदर सावरून खुर्ची पुसली. हे सर्वांत असह्य.
"लेकीनं समदं गणित वहीत लिहून आणलं व्हतं, सर. म्या म्हणलं, सर सांगतेत तर खरंच असंल."
पैसे देऊ केले. "नको सर. तुमचं घेतलं तर ही तुमच्या वर्गात मान वर करून बसंल का?"
अश्विनी आतल्या बाजूला तोंड करून भांडी घासत होती. एकदाही वळली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सौ.ला सर्व सांगितले. ती मेथी निवडत होती. सगळे शांतपणे ऐकून म्हणाली, "अहो, आणि तुमचा स्टाफ फंड म्हणजे काय?"
म्हटले, तो फंड आहे. दहा शिक्षक, दरमहा पाच हजार, क्रमाने एकेकाला... इथवर येऊन थांबलो.
"ऑगस्टमध्ये आपल्या रोहितच्या हॉस्टेलची फी भरायची होती तेव्हा नंबर नसताना पन्नास हजार उचललेत. पावती घेतली होतीत का हो?"
सहा वर्षे त्या फंडात आहे. ती भिशी आहे असे एकदाही मनात आले नाही. गणित एम.एस्सी., एम.एड.

शनिवार, २० डिसेंबर
वर्गात चूक कबूल करण्याचे ठरवले होते. मुद्दे कागदावर काढून नेले होते. आयेशाकडे नजर गेली आणि चक्रवाढ व्याज शिकवले. तास उत्तम झाला. हे लिहिताना कान तापले आहेत.

सोमवार, २२ डिसेंबर
शबानाभाभींचे दुकान. गिऱ्हाईक असल्याने वीस मिनिटे गोडेतेलाच्या डब्यांशेजारी उभा. शेवटी: "बोला सर. आज कुणाचा फायदा करायचाय?"
योग्यच होते. सविताताईंना परत घ्या, अशी विनंती केली.
"बँकेत मी पण जाते सर, दुकानाचं खातं आहे माझं. या बायका काय व्याजाला बसतात का इथं? सविता गेली, तर डिसेंबरवालीला दोन हजार कमी मिळाले. तिने काय कमी शिव्या घातल्या? मला आणि तुम्हाला पण."
"राहिलेला हप्ता मी भरतो."
"तुम्ही कशाला? सविता भरेल." मग तराजू पुसत म्हणाल्या, "दहा तारखेला बायका बसतील. एकीने जरी नाही म्हटलं तर नाही. आणि तुम्ही या. पोरांसमोर बोललात, आता बायकांसमोर बोला."

शनिवार, २७ डिसेंबर
अश्विनी आली. शेवटच्या बाकावर.
फळ्याचे तेच दोन भाग केले. डावीकडे लिहिले: नड असलेल्याला आधी. मग सांगितले की उदाहरण अपुरे होते, चूक माझी होती, ज्यांनी ऐकले त्यांची नव्हे. आणि मी स्वतः अशाच एका भिशीत आहे, नड असताना पैसे आधी उचललेले आहेत.
"सर तुम्ही पण भिशीत?" हशा. हसू दिले.
मागून एक जण: "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" असा प्रश्न माझ्या तासाला प्रथमच आला.
अश्विनीची वही बंद होती.

शनिवार, १० जानेवारी
शाळा सुटल्यावर भाभींच्या दुकानामागच्या खोलीत. बायका सतरंजीवर, मी दाराशी. सांगितले: सविताताईंनी भिशी सोडली ती माझ्या सांगण्यावरून. मी पूर्ण चौकशी न करता शिकवले.
एक बाई: "आन आमाला अडानी ठरवून पोरास्नी हसवलं, ते?"
म्हटले, हो. तेही.
भाभींनी मला बाहेर पाठवले. तांदळाच्या पोत्यावर बसलो. आत आवाज चढत होते. "आज हिला आधी दिले, उद्या कुणी बी सोडंल आन येईल!" "अगं, बोटं हायती त्याची!" त्यात सविताताईंचा आवाज नव्हता.
बऱ्याच वेळाने अश्विनी चहा घेऊन आली. कप पोत्याच्या कडेला ठेवला.
"दोघी राहिल्यात हो म्हणायच्या, सर. एक तर डिसेंबरवालीच आहे."
मी मान हलवली. ती गेली नाही.
"सर, तुमच्या फंडात तुम्ही आधी पैसे घेतले, तेव्हा कशाला पाहिजेत म्हणून कुणी विचारलं होतं?"
ऑगस्टचा तो दिवस आठवला. मधली सुट्टी, डबे उघडलेले. मी रक्कम सांगितली, कोणीतरी 'घ्या की' म्हणाले आणि लोणच्याची बाटली पुढे सरकवली.
"नाही," म्हणालो.
तिने ऐकून घेतले आणि आत गेली. चहा तसाच राहिला. हे लिहीपर्यंत निर्णय कळलेला नाही.