चकवरचं कुंकू

रविवार, संध्याकाळ

आज घरच्या लोखंड कातायच्या लेथ मशीनले वेग दाखवणारा डिजिटल मीटर बसवला. मी स्वतः! लोखंड धरून फिरणाऱ्या चकवर चमकी पट्टी चिटकवली, समोर सेन्सर. पट्टी समोरून गेली की तो फेरा मोजते. बटन दाबलं, तर आकडा शून्य. दुपारभर वायरी खोलल्या, जोडल्या. माझंच चुकलं काय? मंग दिसलं, पट्टी लाल! बायकोनं, सुनंदानं, नव्या वस्तूची पूजा म्हणून नेमकं तिच्यावरच ओलं कुंकू लावलं होतं.

"आवो, तेच चमकून राह्यलं होतं. मंग लावू कुठं?"

पट्टी पुसली, मशीन फिरवली. मिनिटाले पाचशे वीस फेरे! आकडा एकदम स्थिर. कुंकू मीच मीटरच्या डब्याले लावलं. आता कातायले काहीच नाही, तरी सुनंदा म्हणते, "अजून एकदा फिरवा नं!"