तळेघरचा वाघ बर्फावर

गुरुग्राम,
ता. ८ जानेवारी २०२५

ती. आईस स्नेहलचा शि. सा. न.

पत्र मिळालं. माझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून तू वाचायला शिकलीस आणि आता माझ्याच चुका काढतेस. तळेघरला रेंज नाही म्हणून लिहिते, असं म्हणतेस. पण रेंज आली तरी तू लिहिशीलच.

हॉस्पिटलची ड्यूटी संपली की मी मॉलमधल्या बर्फावर स्केटिंगला जाते, हे तुला ठाऊक आहे. तिथे मार्चमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांची स्पर्धा आहे. उड्या-गिरक्यांची नव्हे, नाटकी स्केटिंगची. सोंग घ्यायचं, गाणं लावायचं आणि बर्फावर घसरत एक गोष्ट करून दाखवायची. माझी मैत्रीण खुशबू, नारायणगावच्या चांदमलशेठची नात, राजकन्या होणार आहे.

मला बाबांचा वाघ करायचा आहे. यात्रेत ते करायचे तोच, गाय धरणारा आणि गुराख्याच्या काठीने पडणारा. ते गेल्यापासून मुखवटा तुझ्याकडे बांधून ठेवलेला आहे. पाठवशील का?

तब्येतीला जप, आणि रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी,
स्नेहल

तळेघर,
ता. १९ जानेवारी २०२५

चि. स्नेहलला आईचे अनेक आशीर्वाद.

मुखवटा मिळणार नाही. तो गावाची शीव ओलांडत नाही. आणि खरं सांगायचं तर तो सोडून बघायची माझ्यात अजून ताकद नाही.

दुसरी गोष्ट. संक्रांतीला धर्माजी भाऊजी आले होते. दोन यात्रा वाघाविना गेल्या, म्हणाले. हे सोंग आपल्या घराण्याचं, बापाकडून लेकाकडे जाणारं; तुम्हाला मुलगा नाही, तर आमच्या ऋषीला द्या. वाईट बोलले नाहीत. यात्रेआधी सांगते, असं मी म्हटलं. मग तुझा बेत सांगितला, तर बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. पोरगी वाघ, अन् तोही बर्फावर, तिथं मांजर तरी उभं राहील का, असं म्हणाले. मला राग आला. म्हणून पुढचं लिहिते.

मुखवटा नसला तरी चाल आहे. ती मला येते, कारण अंगणात सराव चालायचा तेव्हा गाय मीच असायची. वाघ धावत येत नाही. आधी खांदे येतात, डोकं खाली. पाऊल टाकायच्या आधी तो थांबतो. गाईकडे बघत नाही. गाय बघते का, ते बघतो. हे तसे थांबले की मला खरीच भीती वाटायची, मग हसू यायचं, मग ओरडा बसायचा की गाय कधी हसते का.

हाडं सांभाळ. नर्स असलीस तरी स्वतःच्या पायाला प्लास्टर तुला घालता येणार नाही. माया आहेच, ती मागायला नको.

तुझी,
आई

गुरुग्राम,
ता. ३ मार्च २०२५

ती. आईस शि. सा. न.

काल स्पर्धा झाली. मुखवटा पुठ्ठ्याचा केला होता. आधी खांदे, मग थांबणं. बर्फावर थांबणं फार अवघड, पाय आपोआप सरकतात. पण मी थांबले.

मग चूक केली. शेवटी वाघ पडतो, तशी मी पडले. गाणं संपलं. इथे गाणं संपलं की उठून नमस्कार करायचा असतो. मला उठताच येईना. आपला पडलेला वाघ घरच्या माणसाने हाक मारल्याशिवाय उठत नाही. लहानपणापासून तेच पाहिलंय. मी तशीच पडून राहिले, गाल बधिर झाला. परीक्षकांना वाटलं, हाड मोडलं. स्ट्रेचर घेऊन माणसं निघाली. आणि कठड्याशी खुशबूने व्हिडिओ कॉल लावून धरलेल्या फोनमधून तुझा आवाज आला. मी उठले.

वेळ जास्त झाला म्हणून गुण कापले. तिसरी आले. अभिनयाचे गुण मात्र सर्वांत जास्त मलाच. खुशबू म्हणते, पुढच्या वेळी मी गाय होते.

एक कळलं नाही. हाक तर घराण्यातला मोठा पुरुष मारतो. काका तुझ्या शेजारीच होते ना? मग तू कशी?

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
स्नेहल

तळेघर,
ता. ११ मार्च २०२५

चि. स्नेहलला आईचे पोटभर आशीर्वाद.

रेंजसाठी मी घोडेगावला भाऊजींकडेच गेले होते. सगळे फोनभोवती बसलो होतो. तू थांबलीस तसे भाऊजी सरळ बसले. ही तर दादाचीच चाल, एवढंच म्हणाले.

तू पडलीस आणि उठेनास, तेव्हा ऋषी म्हणाला, ताईला लागलं. भाऊजींना आणि मला माहीत होतं, लागलेलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण हाक त्यांची. बाईने, त्यातून माझ्यासारखीने, मारलेली हाक आपल्या गावात कुणी ऐकलेली नाही. ते फोनवर वाकले, तोंड उघडलं, आणि तसेच मागे सरकले. "वहिनी, वाघ तुमच्या घरचा हाय. तुमीच उठवा."

मग मी ओरडले, "ऊठ वाघोबा, गाव राखायचं हाय." एवढ्या जोरात, की शेजारच्या लंकाबाई काठी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, बिबट्या आला.

यात्रेचं ठरलं आहे. वाघ तूच, ऋषी गुराखी. तो आतापासून काठी फिरवतो आहे, तेव्हा जपून. रजा आत्ताच मागून ठेव.

तू पडलीस तेव्हा मला यांची आठवण झाली. ती रोजच होते. उठलीस तेव्हा मात्र झाली नाही. तेव्हा मी फक्त तुला बघत होते.

लोभ आहे, तो वाढता ठेव.

तुझी,
आई