टाचेतला चिखल

श्रॉपशर, १२ मे १८६७

आदरणीय लोडर साहेब,

माझा नवरा गेल्यावर सांत्वनाचं पहिलं पत्र तुमचंच आलं. एड्विन तुमच्या घरी पोचलाच नाही, वाटेत नदीत पडला असावा, असं तुम्ही लिहिलंत. मी ते खरं मानलं.

नदीतून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या बुटांच्या खिळ्यांत थोडा चिखल अडकून राहिला होता. पक्ष्यांच्या पायांचा चिखल काचेच्या हंडीखाली ठेवून त्यातून काय उगवतं ते तो बघायचा. मीही तसंच केलं.

"बाईसाहेब, मेलेल्याच्या पायाची माती पेरू नये," आमची मोलकरीण टॅबी म्हणाली. "उगवलं तर बोलतं ते."

"बोलू दे की."

तीन आठवड्यांनी लाल देठाचं एक रोप वर आलं. ते ओळखायला मला तुमचीच जुनी पत्रं काढावी लागली. तुमच्या तळ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या बदलत घडलेलं हे नवं वाण जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि त्याचं बी तुम्ही कुणालाच दिलेलं नाही, असं तुम्ही किती अभिमानानं लिहिलंय. एड्विनच्या मते तो साधा संकर होता. तेच तोंडावर सांगायला तो त्या दिवशी पहिल्यांदाच तुमच्याकडे निघाला होता.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं ते दोन ओळींचं: अनोळखी रोप उगवलंय, ओळखायला या. आज चहाला तुम्ही येताय.

रोप उजेडाकडे वळतं, असं तुम्ही दोघंही म्हणायचात. हे सकाळपासून खिडकीकडे पाठ करून दाराकडे वळलंय.

तुमची वाट पाहत,
हेस्टर विंटल