वहिनीसाठी ठेव

प्रिय पुई-शान,

तू कुचिंगहून पाठवलेली खायची घरटी पोचली. पाकोळ्यांनी ज्या लाळेची ती बांधलीत, ती यंदा अगदी पांढरी उतरलीय. त्यातलं एक भिजत घातलंय. ते फुलेस्तोवर मला जरा टेकता येतं, म्हणून लिहायला बसले. तुझा दादा बस चालवायला गेलाय, आईंचा डोळा लागलाय.

लग्न होऊन मी साई यिंग पूनच्या या घरात आले, तेव्हा तुझं परीक्षेचं वर्ष होतं. आई मला खिडकीपाशी बसवायच्या. बशीत भिजलेलं घरटं, हातात चिमटा, आणि एकेक बारीक पीस वेचत राहायचं. मग ते खडीसाखर घालून वाफेवर शिजवायचं आणि सकाळी ताकदीसाठी तुला रिकाम्या पोटी द्यायचं. एखादं पीस राहिलंच तर आई म्हणायच्या, "डोळे माहेरी ठेवून आलीस का गं?" तू हसायचीस, आणि त्यांची पाठ वळली की मला एक चमचा भरवायचीस. मला दिवस गेले तेव्हाही वाटी तुझ्याच पुढे जायची. ते बाळ राहिलं नाही. त्याचा वाटीशी काही संबंध नव्हता, डॉक्टर म्हणाले होते. मी तो विषय कधी काढला नाही, आईंनीही नाही.

आई खातात ना, असं तू फोनवर विचारतेस आणि दादा हो म्हणतो. तुला काळजी नको म्हणून म्हणतो. खरं म्हणजे हिवाळ्यापासून त्या घरट्याला तोंडच लावत नाहीत. मला ओळखतही नाहीत. पुई-शान म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी लाय-कुआन, तुमची सून." तर रडायलाच लागल्या, "मग माझी पोर कुठे गेली?" तेव्हापासून मी ओ देते. वाटी आणली की माझ्याकडेच सरकवतात. "खा गं, किती वाळलीस." मी खाल्ल्याशिवाय पेजेचा घोट घेत नाहीत. मीच वेचते, मीच शिजवते, मीच खाते. शेजारच्या लाउबाई म्हणतात, कांती कशी तुकतुकीत झालीय तुझी! मला मात्र आपला जिना चढताना मधेच बसावं लागतं. आईंना उचलून उचलून कंबर गेलीय, आणि दिवसभर दुसऱ्याच्या नावाने ओ देऊन मी आतून थकलेय.

काल वाटी अर्धी झाली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "सगळं संपवू नकोस. वहिनीसाठी ठेव. तिचं बाळ गेलं तेव्हा मी तिला काहीच दिलं नाही. माझ्याच्याने तिच्याशी बोलवत नाही गं. तू दे." मी म्हटलं, देते. आणि उरलेलं तिथेच त्यांच्यासमोर बसून खाल्लं, कारण तू इथे नव्हतीस आणि वहिनी कुठे आहे हे मला सांगता येईना. पुई-शान, तू ये. थोडे दिवस का होईना, तुझ्या जागी तू बस, त्यांची हाक तू घे. त्या पुन्हा तसं म्हणाल्या तर मला दाराशी उभं राहून, त्यांची सून म्हणून ते ऐकायचंय.

तुझीच दमलेली,
लाय-कुआन वहिनी